आयडीई-यूएसबी अडॅप्टर आणि ड्राइव्हस्पेसची जुनी डिस्क: काय निघतं, कुठे अडतं

इंदूरला सिल्वर मॉलमधून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, जुनी आयडीई डिस्क आजच्या यूएसबीला जोडणारा हा अडॅप्टर बहुतेक वेळा एकच असतो. काळा प्लास्टिकचा ठोकळा, एका बाजूला ४० पिनांचं रुंद सॉकेट, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपच्या जुन्या डिस्कसाठी ४४ पिनांचं, तिसरीकडे नव्या डिस्कचं सॅटा, आणि सोबत चार पिनांच्या मोलेक्स प्लगचा पॉवर ब्रिक. डब्यावर नाव काहीही छापलेलं असो, किंमत हजाराच्या आसपास. नव्या डिस्कसाठी त्याची परीक्षणं ढिगानं सापडतात, त्यामुळे त्यात पडत नाही. इथे बघायचंय ते एवढंच की डबलस्पेस, ड्राइव्हस्पेस किंवा स्टॅकर या सॉफ्टवेअरांनी दाबून (कम्प्रेस करून) भरलेली नव्वदच्या दशकातली डिस्क याच्यावर चालते का. डिस्कचे सेक्टर (५१२ बाइटचे तुकडे) जसेच्या तसे उचलायला हा बऱ्याचदा पुरतो. फाइली मात्र याच्याकडून मागू नयेत, त्या पुढच्या टप्प्यात आणि दुसऱ्याच हत्यारानं निघतात. सेक्टर उचलण्याच्या कामापुरते पाचपैकी साडेतीन गुण.

अशा डिस्क अजून आहेत. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगरकडच्या घरांत माळ्यावर एखादं ४८६ असतंच, आणि सियागंजातल्या पेढ्यांकडे डॉसवरच्या टॅलीचे हिशेब, छापखान्यांकडे श्रीलिपीतलं कंपोझिंग, मंडळांकडे फॉक्सप्रोतली सभासद यादी. त्या वेळी १२० किंवा २१० एमबीची डिस्क म्हणजे चैन होती. मार्च १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० सोबत डबलस्पेस फुकट आलं आणि ज्याला त्याला डिस्क ‘डबल’ करायची घाई झाली.

या दाबण्याची रचना नीट समजली नाही तर पुढचं सगळं चुकतं. डबलस्पेस सुट्या फाइली दाबत नाही. ते डिस्कवर एकच अगडबंब फाइल बनवतं, डीबीएलस्पेस.००० नावाची, ड्राइव्हस्पेसमध्ये तिचं नाव डीआरव्हीस्पेस.०००, स्टॅकरमध्ये स्टॅकव्हॉल.डीएसके. तिच्यावर हिडन, सिस्टिम आणि रीड-ओन्ली असे तिन्ही शिक्के. कॉम्प्युटर चालू होताना कॉन्फिग.सिस वाचायच्याही आधी डीआरव्हीस्पेस.बिन हा ड्रायव्हर मेमरीत बसतो, त्या फाइलीला सी: ड्राइव्ह म्हणून उभं करतो आणि खऱ्या डिस्कला (होस्ट ड्राइव्हला) एच: असं अक्षर देऊन मागे ढकलतो. म्हणजे वापरणाऱ्यानं वर्षानुवर्षं जो सी: पाहिला तो अख्खा या एका फाइलीच्या पोटात आहे.

आजच्या विंडोजला ही डिस्क लावली तर काय दिसतं? लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय बंद असेल तर जवळपास काहीच नाही. चालू असेल तर आयओ.सिस, एमएसडॉस.सिस, डीआरव्हीस्पेस.बिन, कधी विंडोज ३.१ ची स्वॅप फाइल ३८६एसपार्ट.पार, आणि ती एक मोठी फाइल. विंडोज एनटी, २०००, एक्सपी आणि त्यानंतरच्या कुठल्याही विंडोजला ती उघडता येत नाही. ‘डिलीट झालेल्या फाइली शोधा’ छापाची सॉफ्टवेअरं इथे निरुपयोगी ठरतात. ती फाइलींच्या ओळखीच्या खुणा शोधतात, आणि दाबलेल्या डेटात त्या खुणा दिसतच नाहीत. डेटा रिकव्हरीच्या काउंटरवरचा माणूस तासभर स्कॅन चालवून ‘यात काही नाही, एक जंक फाइल आहे, फॉरमॅट मारून देऊ का’ असं विचारतो तो याचमुळे. त्या जंक फाइलीवर कोणालाही हात ठेवू देऊ नका.

एक गैरसमज इथेच मिटवू. एक्सपीच्या काळात डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कम्प्रेस ड्राइव्ह’वर टिक केलेली असेल, तर ते एनटीएफएसचं कम्प्रेशन आणि पूर्णपणे वेगळं प्रकरण. ती डिस्क या अडॅप्टरवर लावली की विंडोज ११ आणि लिनक्स दोन्हीकडे सरळ उघडते. पुढचं काही वाचायची गरज नाही.

आता जोडणी. पहिला नियम, जुनी डिस्क विंडोजवर लावायचीच नाही. हा अडॅप्टर लिहिणं अडवत नाही, आणि विंडोज दिसलेल्या डिस्कवर स्वतःचं सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशनचं फोल्डर टाकायला बघतं, वर ‘ड्राइव्हमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का’ असंही विचारतं. होस्ट ड्राइव्हवर मोकळी जागा आधीच एक-दोन एमबी उरलेली असते. तिथे दुरुस्तीच्या नावाखाली काहीही लिहिणं परवडत नाही. सिस्टिमरेस्क्यूसारखं लिनक्स पेनड्राइव्हवरून बूट करून टर्मिनलमध्येच राहायचं, आणि डिस्क दिसल्या दिसल्या ब्लॉकडेव्ह या कमांडच्या सेट-आरओ पर्यायानं ती फक्त-वाचा करायची.

जंपर, म्हणजे डिस्कच्या पिनांवरची छोटी टोपी, बघा. डिस्क मास्टर (केबलवरची पहिली) किंवा सिंगलवर (एकटी) हवी. केबल सिलेक्टवर ठेवली तर अडॅप्टर कधी ओळखतो, कधी नाही. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कमध्ये ‘एकटी डिस्क’ म्हणजे जंपर काढून टाकणं, आणि मास्टरचा जंपर तसाच राहिला तर ती नसलेल्या स्लेव्हची वाट बघत बसते. कॉनरच्या डिस्कवर सी/डी लिहिलेला जंपर लावलेला असेल तर मास्टर. पुढची अडचण पिन क्रमांक २० ची. अडॅप्टरच्या सॉकेटमध्ये ते भोक बुजवलेलं असतं, पण काही जुन्या डिस्कवर चाळीसच्या चाळीस पिना शाबूत असतात, मग सॉकेट आत जातच नाही. जोर करू नका आणि डिस्कची पिन तर मुळीच कापू नका. अडॅप्टरचं बुजवलेलं भोक तापवलेल्या सुईनं मोकळं केलं की काम होतं. पावसाळे काढलेल्या डिस्कच्या पिनांवर काळसर थर असतो. तो मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढायचा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज द्यायची नाही.

या किटचा सर्वांत कमकुवत भाग म्हणजे पॉवर ब्रिक. लेबलवर १२ व्होल्ट २ अँपिअर आणि ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलेलं असतं, पण जुनी डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर जो झटका घेते तो याला झेपेलच असं नाही. डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरते, टिकटिक करते, आणि डिस्कच गेली असं वाटतं. निष्कर्षाआधी वीज बदलून पाहा. कुठल्याही चालू एटीएक्स एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळीशी जोडली की तो मदरबोर्डशिवाय सुरू होतो. त्याचाच मोलेक्स डिस्कला द्या, अडॅप्टर फक्त डेटासाठी ठेवा. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी डेटाचं सॉकेट, मग वीज, डिस्क पूर्ण वेगात येईपर्यंत पंधरा-वीस सेकंद थांबायचं, आणि यूएसबी सगळ्यात शेवटी. यूएसबी आधी लावली तर अडॅप्टरमधली ब्रिज चिप (आयडीई आणि यूएसबीमधला दुवा) डिस्कला विचारते, डिस्क अजून तयार नसते, आणि चिप ‘कोणी नाही’ असं धरून बसते.

इथवर सगळं बरोबर असूनही डिस्क दिसत नसेल, किंवा दिसते पण आकार शून्य, तर अडॅप्टरची खरी मर्यादा आली. आजच्या ब्रिज चिप (या किटांमध्ये जेमायक्रॉनची जेएम२०३३७ बरीच आढळते) डिस्कशी फक्त एलबीए पद्धतीनं बोलतात, म्हणजे सेक्टरला एकच सलग नंबर. १९९४ च्या आधीच्या कितीतरी डिस्कना एलबीए येतच नाही. त्यांना सिलिंडर, हेड, सेक्टर असा तीन भागांचा पत्ता लागतो. अशी डिस्क स्वतःची ओळख सांगताना शब्द ६० आणि ६१ मध्ये, जिथे एलबीए सेक्टरांची संख्या असायला हवी तिथे, शून्य पाठवते आणि चिप ते शून्य प्रामाणिकपणे पुढे देते. डिस्क ठणठणीत असते. दुसरा ब्रँड घेऊन फरक पडत नाही, आतली अट तीच. साडेतीनच्या वर गुण न जाण्याचं कारण हेच, कारण कम्प्रेशनचा मोह सर्वांत जास्त याच छोट्या डिस्कवाल्यांना झाला होता.

इलाज म्हणजे ४० पिनांचं खरं आयडीई पोर्ट असलेला मदरबोर्ड, म्हणजे पेंटियम ४ च्या काळातला ८४५ किंवा ८६५ चिपसेटचा. भंगारात तो अडॅप्टरपेक्षा स्वस्त मिळतो. त्यावर अँटीएक्ससारखं ३२-बिटी लिनक्स चालवलं की लिनक्सचा ड्रायव्हर अशा डिस्कशी जुन्या पत्त्यांनी बोलतो, आणि पुढची पायरी तीच राहते. ज्यांच्याकडे आख्खं ४८६ आहे त्यांनी एक गोष्ट आधी बघावी. कित्येकदा डिस्क गेलेलीच नसते. बोर्डवरची बॅटरी संपल्यामुळे बायॉस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) डिस्कचे आकडे विसरलेला असतो. सीगेट एसटी३२४३ए असेल तर १०२४ सिलिंडर, १२ हेड, ३४ सेक्टर. एसटी३१४४ए असेल तर १००१, १५, १७. लेबलवरचे आकडे बायॉसमध्ये भरले की पडद्यावर थेट सी: येतो. पण बोर्डवर पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल आणि भोवती हिरवट कीट दिसत असेल, तर बोर्डला वीज देण्याआधी ती काढून साफ करा, नाहीतर डिस्कसोबत बोर्डचाही प्रश्न उभा राहतो.

इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली सेक्टर-सेक्टर नक्कल, घ्यायला लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू. ही निवड वादाची नाही. पहिल्या फेरीत ‘एन’ पर्याय, म्हणजे सहज वाचता येतं ते आधी उचल, अडलेल्या जागा नंतर खरवडू. दुसऱ्या फेरीत ‘आर३’, म्हणजे अडलेल्या सेक्टरांवर तीन प्रयत्न. दोन्ही वेळा ‘डी’ पर्याय आणि तीच मॅप फाइल, म्हणजे काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद. मॅप फाइलीशिवाय चालवू नका. खराब सेक्टर आला की ही स्वस्त ब्रिज चिप अडकते, यूएसबीवरून डिस्क गायब होते, आणि परत लावल्यावर तिचं लिनक्समधलं नाव एसडीबीचं एसडीसी झालेलं असतं. मॅप असेल तर काम थांबलं तिथून सुरू होतं. चालवण्याआधी एलएसबीएलके या कमांडनं आकार ताडून पाहा. एसटी३२४३ए बरोबर २०४ एम दाखवायला हवी, कारण १०२४ गुणिले १२ गुणिले ३४ म्हणजे ४,१७,७९२ सेक्टर. आकडा जुळला नाही तर तुम्ही भलतीच डिस्क धरलीये. चांगल्या डिस्कचे २०४ एमबी काही मिनिटांत येतात. घरघर येत असेल किंवा वेग किलोबाइटवर घसरला असेल तर पहिल्या फेरीनंतर डिस्क थंड होऊ द्या. इमेज तयार झाली की तिची एक प्रत करा, आणि पुढचे सगळे उद्योग प्रतीवर.

डिस्कचं काम इथे संपलं. आता इमेजमधून फाइली काढायच्या, आणि या कामाला आजही सर्वांत भरवशाचं हत्यार म्हणजे ज्यानं दाबलं तेच, मायक्रोसॉफ्टचं १९९४ चं ड्राइव्हस्पेस. ८६बॉक्स या एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक ४८६ उभं करायचं, रॉमचा संच वेगळा घ्यावा लागतो तो घ्यायचा, इमेजची प्रत हार्ड डिस्क म्हणून जोडायची आणि सिलिंडर-हेड-सेक्टरचे तेच आकडे टाकायचे. लेबल फाटलेलं असेल किंवा त्या वेळी बायॉसमध्ये कोणी भलतेच आकडे भरले असतील, तर पार्टिशनच्या बूट सेक्टरमध्ये २४ व्या बाइटपासून प्रति ट्रॅक सेक्टर आणि २६ व्यापासून हेडची संख्या लिहिलेली असते. हेक्स एडिटरमध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बघा आणि तीच धरा. आकडे चुकले तर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ येतं किंवा डिरेक्टरीत अक्षरांचा चिवडा दिसतो. घाबरून स्कॅनडिस्क चालवायचं नाही, आकडे बदलायचे.

नशीब चांगलं असेल तर इमेज स्वतःच्याच डॉसवर बूट होते आणि सी: समोर येतो. ऑटोएक्सेकमध्ये अडकत असेल तर ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसताच एफ५. त्यानं दोन्ही स्टार्टअप फाइली टळतात, पण ड्राइव्हस्पेस माउंट होतं. कंट्रोल-एफ५ दाबला तर ड्राइव्हस्पेससुद्धा टळतं आणि सी: म्हणून कोरी होस्ट डिस्क दिसते. ६.२ पासूनची ही सोय तपासणीला उत्तम, मात्र ती बघून ‘सगळं उडालं’ असं वाटून घेऊ नये. स्वतःहून बूट होत नसेल तर ६.२२ च्या फ्लॉपीची इमेज लावून बूट करा आणि डीआरव्हीस्पेसला माउंटचा पर्याय देऊन हातानं माउंट करा.

आवृत्त्यांचा गोंधळ इथे आडवा येतो. स्टॅक इलेक्ट्रॉनिक्सनं पेटंटसाठी मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्युरीनं १२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, आणि मायक्रोसॉफ्टनं कम्प्रेशन काढून ६.२१ बाजारात आणलं. जून १९९४ च्या ६.२२ मध्ये दाबण्याची रीत बदलून ड्राइव्हस्पेस आलं. नवीन ड्रायव्हर जुनी डिस्क उघडतो, जुना ड्रायव्हर नवीन उघडत नाही. म्हणून ६.२२ ची फ्लॉपी डबलस्पेस आणि ड्राइव्हस्पेस दोन्हीला चालते, ६.० ची फक्त डबलस्पेसला. विंडोज ९५ च्या प्लस पॅकमध्ये, त्याच्याच नंतरच्या ओएसआर२ आवृत्तीत आणि विंडोज ९८ मध्ये ड्राइव्हस्पेस ३ होतं, त्याला ६.२२ सुद्धा कमी पडतं. तिथे विंडोज ९८ च एम्युलेटरमध्ये बसवायचं. त्याचा वेगळा फायदा म्हणजे फाइलींची लांब नावं शाबूत राहतात. डॉसमधून कॉपी केली तर ‘वार्षिक अहवाल’ची सहा अक्षरं, एक लहर आणि आकडा एवढंच उरतं. इमेज कुठल्या जातीची हे बूट न करताही कळतं. हेक्स एडिटरमध्ये त्या मोठ्या फाइलीच्या सुरुवातीला एमएसडीबीएल६.० दिसलं तर डबलस्पेस, एमएसडीएसपी६.० दिसलं तर ड्राइव्हस्पेस. दाबलेल्या तुकड्यांच्या तोंडाशी पहिल्यात डीएस आणि दुसऱ्यात जेएम अशी रोमन अक्षरं असतात. ती जागोजागी दिसली म्हणजे माल शाबूत आहे.

फाइली बाहेर आणायला एम्युलेटरमध्ये दुसरी, न दाबलेली डिस्क जोडायची आणि एक्सकॉपी. तिथे दोन खड्डे आहेत. डॉस ६.२२ चं एक्सकॉपी लपवलेल्या फाइली उचलत नाही, तो पर्याय विंडोज ९५ पासूनचा. आधी ॲट्रिबनं प्रतीवरचे हिडन आणि सिस्टिम शिक्के सगळ्या फोल्डरांत काढून घ्या. दुसरा खड्डा जागेचा. डॉसमधल्या दाबलेल्या ड्राइव्हचा वरचा आकार ५१२ एमबीपर्यंतच असतो, म्हणून ५०० एमबीची डिस्क पुरेल असं वाटतं. ड्राइव्हस्पेस छोट्या फाइलींना लागेल तेवढीच जागा देतं, साध्या फॅट१६ वर (डॉसच्या नेहमीच्या फाइल रचनेत) मात्र एका ओळीची फाइलही पूर्ण क्लस्टर, म्हणजे जागा वाटायचं सर्वांत छोटं माप, खाते. हजारो बारीक फाइलींची डिस्क असेल तर जागा अर्ध्यात संपते. हजार एमबीच्या थोडी आत ठेवलेली डिस्क बरी. तिथे क्लस्टर १६ केबीचा असतो, त्यावर गेलात तर ३२.

इमेजमध्ये खराब सेक्टर असतील तर नुकसान कुठे आणि किती, हे ते कुठल्या भागात आहेत यावर ठरतं. डेटाच्या भागातला एक सेक्टर गेला तर एक क्लस्टर जातो, म्हणजे ८ केबी. एखाद्या पत्राचं पान गेलं, बाकी पत्र राहिलं. पण सुरुवातीच्या भागात एमडीफॅट नावाची यादी असते. कोणता क्लस्टर दाबून कुठे ठेवला याचा तो जमाखर्च. एका क्लस्टरची नोंद ४ बाइटची, म्हणजे ५१२ बाइटच्या एका सेक्टरमध्ये १२८ नोंदी, म्हणजे एका सेक्टरमागे १२८ गुणिले ८ केबी, पूर्ण १ एमबी डेटाचा पत्ता हरवतो. साध्या फॅटची (डॉसच्या क्लस्टरांच्या यादीची) दुसरी प्रत डिस्कवर असते, एमडीफॅटची नसते. म्हणून डीडीरेस्क्यूच्या मॅपमध्ये त्या फाइलीच्या सुरुवातीच्या भागात भोक दिसलं, तर तेवढ्याच पट्ट्यावर आणखी फेऱ्या मारा. शेवटच्या भागातली भोकं सोडून दिली तरी चालतील.

स्कॅनडिस्क वाईट नाही, ६.२ सोबत आलं तेव्हा मोठीच सुधारणा होती. ते दाबलेल्या ड्राइव्हची आतली रचनाही तपासतं आणि त्याआधी होस्ट तपासू द्या म्हणतं, ते ऐका. मात्र प्रतीच्या प्रतीवर चालवा, ‘अनडू’ डिस्क विचारली तर द्या, आणि हरवलेले तुकडे ‘डिलीट’ न करता ‘सेव्ह’ करा. सीएचके नावाच्या त्या फाइलींत कधीकधी अख्खं पत्रव्यवहाराचं फोल्डर सापडतं. चेकडिस्कचा ‘एफ’ पर्याय, डीफ्रॅग आणि ड्राइव्हस्पेसचं ‘अनकम्प्रेस’ यांना हात लावू नका. अनकम्प्रेस जागेवरच फाइली सोडवत जातं, आणि वाटेत जागा संपली किंवा खराब तुकडा आला की दोन्हीकडची अवस्था अर्धवट. ‘फाइल फार विखुरलेली आहे म्हणून माउंट होत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर घाबरू नका. डीआरव्हीस्पेस.आयएनआयमध्ये मॅक्सफाइलफ्रॅगमेंट्सचा आकडा वाढवून पुन्हा बूट करायचं.

एम्युलेटर नको असेल तर लिनक्सवरचं डीएमएसडॉस आहे. इमेज ७-झिपमध्ये उघडून ती मोठी फाइल बाहेर काढायची आणि डीएमएसडॉसमधल्या डीसीरीडनं तिच्यातल्या फाइली वाचायच्या. डबलस्पेस, ड्राइव्हस्पेस आणि स्टॅकर ३ व ४ ही सगळी त्याला कळतात. कर्नल मॉड्यूलचा भाग फार जुन्या कर्नलसाठी लिहिलेला, त्याच्या नादी लागू नये. डीसीरीडला कर्नलची गरज नाही. स्टॅकरच्या डिस्कसाठी आमची पसंती यालाच, कारण स्टॅकरच्या मूळ फ्लॉपी शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं. आयबीएमच्या पीसी डॉस ७ मध्येही स्टॅकरच होतं, पीसी डॉस ६.१ मध्ये मात्र सुपरस्टोर, हे आणखी एक दाबणारं सॉफ्टवेअर. ते निघालं तर त्याच डॉसवर बूट करण्याखेरीज सोपा रस्ता नाही.

फाइली निघाल्यावर मराठी मजकूर उघडताना पुन्हा एकदा ‘डेटा खराब’ची हाकाटी होते. जिस्ट कार्ड लावलेल्या मशीनवर देवनागरी त्या कार्डातून पडद्यावर यायची. फाइलीत इस्की (भारतीय लिप्यांसाठीची युनिकोडआधीची पद्धत) कोड असतात, १६१ ते २५० या वरच्या पट्ट्यातले. कार्ड नसलेल्या एम्युलेटरमध्ये त्याच जागी चौकोन आणि रेघा दिसतात. फाइल चांगली असते, इस्कीतून युनिकोडमध्ये नेणाऱ्या परिवर्तकातून काढा. श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टमधल्या फाइलींना मूळ फॉन्ट कोणता हे कळल्याशिवाय परिवर्तक लावू नका, त्यासाठी डिस्कवरचं फॉन्टचं फोल्डरही कॉपी करा. वर्डस्टारची गंमत अशी की डॉक्युमेंट मोडमध्ये ते शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करतं, त्यामुळे इंग्रजी पत्रातसुद्धा प्रत्येक शब्दाचं शेपूट विचित्र दिसतं. तो बिट उतरवला की झालं. पण हीच झाडू इस्कीच्या फाइलीवर फिरवली तर सगळी मराठी जाते. फॉक्सप्रोच्या डीबीएफ लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात, फक्त सोबतची एफपीटी मेमो फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर शहरातल्या डेटा रिकव्हरीच्या काउंटरवर जायला हरकत नाही, पण डिस्क हातात देण्याआधी दोन प्रश्न विचारा. आधी इमेज घेणार का, की थेट डिस्कवर सॉफ्टवेअर चालवणार? आणि होस्टवर डीआरव्हीस्पेस.००० सापडली तर तिचं काय करणार? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तरी फार बिघडत नाही, फक्त इमेज मागा आणि तेवढ्याचेच पैसे ठरवा. पहिल्यावर गोंधळला तर डिस्क पिशवीतून बाहेर काढू नका. ‘डेटा निघाला तरच पैसे’ हा सौदा इथे उलट पडतो. त्यांच्या लेखी एकच फाइल निघालेली असते, ती ‘डेटा’ वाटत नाही, आणि डिस्क तशीच परत मिळते किंवा ‘रिफ्रेश’ होऊन मिळते.

अडॅप्टर कोणी घेऊ नये तेही सांगायला हवं. डिस्क वीज दिल्यावर फिरतच नसेल, किंवा लयीत टक-टक करून थांबत असेल, आणि एसएमपीएसवरही तेच होत असेल, तर बिघाड यांत्रिक आहे. हातानं हलकेच गिरकी देऊन चिकटलेली हेडं सोडवायचे व्हिडिओ पाहून डिस्कवर प्रयोग करू नयेत. सुटली तर सुटतात, नाहीतर पृष्ठभाग खरवडतो. अशी डिस्क क्लीन रूम असलेल्या प्रयोगशाळेकडेच पाठवायची, उघडलेली नसताना. पाठवताना कागदावर लिहून द्या की फाइलींची यादी नको, सेक्टर-टू-सेक्टर इमेज आणि न वाचलेल्या सेक्टरांची यादी हवी, कोणतीही ‘दुरुस्ती’ करू नये. लेबलचा फोटो, जंपर कुठे होता त्याची नोंद आणि जुन्या मशीनवरची डॉसची आवृत्ती आठवत असेल तर तीही सोबत द्या. इमेज हाती आली की वरच्या ८६बॉक्सपासूनचं काम घरी बसून होतं, त्यासाठी प्रयोगशाळेला वेगळे पैसे मोजायची गरज नाही.